फोर्ट स्टिकीन, मुंबई गोदी, १४ एप्रिल १९४४: धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतला हा स्फोट बहुतेकांना उडालेल्या सोन्याच्या लगडींमुळे माहीत असतो. या लेखात भर आहे तो धूर दिसला तेव्हापासून जहाज फुटेपर्यंतच्या सुमारे सव्वादोन तासांवर. कोणाला काय ठाऊक होतं, कोणापुढे कोणते पर्याय होते आणि निर्णय कुठे अडला, हे क्रमानं मांडलं आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत. या प्रकरणात नावांपेक्षा हुद्दे महत्त्वाचे आहेत, कारण अडचण हुद्द्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत झाली.

पार्श्वभूमी

'फोर्ट स्टिकीन' हे ७,१४२ टनी मालवाहू जहाज १९४२ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रुपर्ट इथं बांधलं गेलं होतं. युद्धात बुडणाऱ्या जहाजांची भरपाई करायला घाईघाईनं बांधलेल्या मालिकेतलं हे एक. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघालं आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची असं करत १२ एप्रिलला मुंबईला लागलं.

बर्कनहेडला चढवलेल्या मालात खोक्यांत बंद लढाऊ विमानं होती, तोफगोळे, पाणतीर आणि सुरुंग होते. शिवाय ३१ पेट्यांत सुमारे ८ लाख ९० हजार पौंडांचं सोनं होतं. स्फोटकांचं एकूण वजन १,३९५ टन. त्यातली २३८ टन 'ए' वर्गातली, म्हणजे उष्णता किंवा धक्क्यानं सर्वांत लवकर उडणारी.

इथपर्यंत जहाज धोकादायक होतं, पण समजण्यासारखं धोकादायक होतं. युद्धाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी अशी जहाजं रोज ये-जा करत होती.

कराचीतला माल

कराचीला काही माल उतरला आणि जागा मोकळी झाली. युद्धकाळात मोकळी जागा घेऊन जहाज निघणं म्हणजे गुन्हाच मानला जाई. त्यात पंजाब-सिंधचा कापूस रेल्वेनं मुंबईला आणायला बंदी होती, त्यामुळे व्यापाऱ्यांना समुद्राशिवाय वाट नव्हती. मग कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड असा माल चढला. कप्तानानं या मिश्रणाबद्दल लेखी नाराजी नोंदवली. नोंदवली आणि माल चढला.

या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू हाच आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठाही. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात, तळाला कापूस आला आणि त्याच्या वर, मधल्या डेकवर, स्फोटकं राहिली. आग वर चढते आणि उष्णता वर साचते, एवढं लक्षात घेतलं तरी ही मांडणी का नको होती ते कळतं. त्या काळच्या जहाजांत मधल्या डेकचं तोंड लाकडी फळ्यांनी झाकलेलं असे. म्हणजे पेटणारा माल आणि फुटणारा माल यांच्यामध्ये पोलादी पत्रा आणि काही फळ्या, एवढाच आडोसा.

कापसाच्या आगीबद्दल दोन शब्द इथेच सांगायला हवेत, नाहीतर पुढचं समजणार नाही. खानदेश-विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं की गासडी भडकत नाही, धुमसते. दाबून बांधलेल्या रुईच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, आणि ती आग आतल्या आत जगवायला पुरते. वरून पाणी मारलं की बाहेरचा थर विझल्यासारखा दिसतो. आत निखारा तसाच राहतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, पुन्हा तोंड काढतो. गासडी खरोखर विझवायची तर ती बाहेर काढून, पट्ट्या तोडून, मोकळी करून भिजवावी लागते. बंद होल्डच्या तळाशी, धुरात, वर दारूगोळा असताना यातलं काहीच शक्य नसतं.

आणखी एक गुण म्हणजे कोरडी गासडी पाण्यावर तरंगते. पुढे हाच गुण घातक ठरला.

मुंबईत लागल्यावर

शांततेच्या काळात स्फोटकं घेऊन आलेलं जहाज गोदीत घेत नसत. ते बाहेर, खोल पाण्यात नांगर टाकून पडावांत, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट होड्यांत, माल उतरवी. युद्धात हा नियम बाजूला पडला. जहाजांची रांग लागली होती आणि बाहेर उभं राहायला वेळ नव्हता. फोर्ट स्टिकीन व्हिक्टोरिया गोदीच्या पहिल्या नंबरच्या धक्क्याला लागलं. धोकादायक माल दाखवणारा लाल बावटा वर नव्हता. अशा मालाची जहाजं इतकी झाली होती की बावटा लावणं मागेच पडलं होतं.

'ए' वर्गाची स्फोटकं धक्क्यावर उतरवायची नसतात, ती थेट पडावांत जातात. पडाव यायला उशीर झाला. १२ तारखेला लागलेल्या जहाजातून स्फोटकं उतरवायला सुरुवात झाली ती १३ ला. १४ च्या दुपारपर्यंत मोठा साठा आतच होता. एखाद्या दिवसाचा हा उशीर कागदावर किरकोळ दिसतो. पण धोक्याचा माल जितके तास जहाजात राहतो तितके तास तो धोका जिवंत असतो. हा उशीर कोणाला टोचला नाही, कारण तो कोणा एकाच्या नावावर नव्हता.

अडचण

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दोन नंबरच्या होल्डमध्ये कामगार नव्हते. त्याच सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना फोर्ट स्टिकीनमधून धुराची वळी निघताना दिसली होती. त्यांना वाटलं, जहाजावर कोणाला तरी कळलंच असेल. जेवणानंतर गोदी कामगार परत होल्डमध्ये उतरले आणि पावणेदोनच्या सुमारास त्यांना गासड्यांच्या कडेनं धूर येताना दिसला. आरडाओरडा झाला आणि ते वर आले.

आगीचं कारण कधीच पक्कं सिद्ध झालं नाही. होल्डमध्ये कोणी तरी ओढलेली विडी-सिगरेट हा सर्वांत संभाव्य अंदाज मानला गेला. तेलाचा अंश लागलेला कापूस आपोआप तापू शकतो हेही खरं. घातपाताच्या अफवा खूप उठल्या, त्याला पुरावा मिळाला नाही. कारणापेक्षा पुढचे दोन तास अभ्यासायला जास्त मोलाचे आहेत.

गोदीत तैनात असलेल्या अग्निशमन तुकडीनं जहाजाच्या पाइपांनी पाणी सुरू केलं. तुकडीच्या प्रमुखाला आत स्फोटकं आहेत हे कळलं तेव्हा त्यानं मोठी कुमक मागवायला माणूस पाठवला. त्या माणसाला ठरलेल्या क्रमांकावर फोन लावता आला नाही, म्हणून त्यानं धोक्याच्या घंटेची काच फोडली. घंटेची खूण नियंत्रण कक्षात नेहमीच्या आगीची म्हणून पोचली आणि नेहमीप्रमाणे दोन बंब निघाले. दारूगोळ्याचं जहाज पेटलं आहे ही बातमी वाटेतच हरवली होती. बंब पोचल्यावर, परिस्थिती डोळ्यांनी पाहिल्यावर, पूर्ण कुमक मागवली गेली. सुरुवातीची ही पंधरावीस मिनिटं गेली ती गेली.

समोरचे पर्याय

अडीचच्या सुमारास डेकवर आणि धक्क्यावर बरेच अधिकारी जमले होते. जहाजाचा कप्तान, शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, लष्कराच्या दारूगोळा खात्याचा अधिकारी आणि पोर्ट ट्रस्टचा गोदी व्यवस्थापक. प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि प्रत्येकाचं मत त्याच्या क्षेत्रापुरतं बरोबर होतं.

दारूगोळा अधिकारी मालाची यादी पाहून म्हणाला की हे जहाज उडालं तर सगळी गोदी उडेल, ते बुडवा. गोदी व्यवस्थापकाचा कल जहाज गोदीबाहेर ओढून न्यावं असा होता. अग्निशमन प्रमुखाला वाटत होतं की पाण्याचा मारा वाढवला तर आग आटोक्यात येईल. कप्तानाला त्याच्या मालकांकडून आणि सरकारकडून स्पष्ट हुकूम हवा होता, कारण जहाज बुडवणं हा हलका निर्णय नव्हता. हे सगळे पर्याय एकेक करून तपासून पाहू.

जहाज बुडवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण मालवाहू जहाजाची समुद्राकडची झडपं उघडून एवढा भार पाण्याखाली जायला बराच वेळ लागतो. त्यात गोदीत जहाजाच्या तळाखाली पाणी काही फूटच होतं. जहाज तेवढंच खाली बसलं असतं आणि थांबलं असतं. तळाचा कापूस पाण्यात गेला असता, पण मधल्या डेकवरची स्फोटकं कोरडीच राहिली असती. खोल समुद्रात बरोबर ठरणारा हा सल्ला उथळ गोदीत अर्धाच उपयोगाचा होता. तरीही अर्धा उपयोग म्हणजे शून्य नव्हे. तळाचा होल्ड बाहेरच्या पाण्याच्या पातळीपर्यंत पूर्ण भरला असता तर आगीचा बराचसा भाग बुडाला असता.

बाहेर ओढून नेणं. बंदरात उभ्या वाफेच्या जहाजाचं इंजिन लगेच चालू होत नाही, म्हणून टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी, लागणार. दोर बांधायचे, गोदीच्या अरुंद तोंडातून जहाज वळवायचं, भरतीची वेळ सांभाळायची. सगळं सुरळीत झालं तरी तासाच्या वर वेळ. आणि वाटेत, गोदीच्या तोंडातच स्फोट झाला असता तर? तो धोका खरा होता. पण अडीच वाजता निर्णय झाला असता तर चारच्या आधी जहाज मोकळ्या पाण्याकडे निघालेलं असतं. माझा स्वतःचा कौल या पर्यायाला आहे, मात्र फक्त अडीचच्या सुमारास. साडेतीननंतर तो आत्मघात होता.

होल्ड बंद करून वाफ सोडणं. जहाजावर वाफेनं आग गुदमरवण्याची सोय होती. झाकणं बंद करायची, हवा कोंडायची, वाफ सोडायची. कापसाची आग अशानं पूर्ण विझत नाही, पण तिचा वेग मोडतो. एकदा झाकण बंद केलं की स्फोटकं बाहेर काढता येत नाहीत, ही त्याची किंमत. तरीही वाफेनं काही तास मिळाले असते आणि त्या तासांत टग आणणं, गोदी रिकामी करणं, सगळं शक्य होतं. चौकशीतही वाफ वापरली नाही यावर ठपका आला.

इथं एक इशारा द्यायलाच हवा, कारण हे वाचून कोणी 'जहाजात आग म्हणजे वाफ सोडा' असा नियम काढेल. तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेतल्या टेक्सस सिटी बंदरात 'ग्रँडकँप' जहाजावर अमोनियम नायट्रेट खत पेटलं. माल खराब होऊ नये म्हणून तिथं पाणी न मारता झाकणं बंद करून वाफ सोडली. अमोनियम नायट्रेटला बाहेरच्या हवेची गरज नसते, त्याचा प्राणवायू त्याच्यातच असतो. वाफेनं उष्णता आणि दाब वाढला, जहाज फुटलं आणि सुमारे ५८० माणसं गेली. मुंबईत जो उपाय करायला हवा होता, तोच टेक्सस सिटीत मारक ठरला. म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच, नक्की काय जळतंय?

पाणी. हाच पर्याय निवडला गेला. निवडला गेला म्हणण्यापेक्षा सुरुवातीपासून चालू होता आणि बाकीचे निर्णय न झाल्यानं चालू राहिला.

प्रत्यक्ष काय झालं

अग्निशमन दलाच्या जवानांनी आणि अग्निनौकांनी मिळून होल्डमध्ये ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं. धूर एवढा दाट होता की आगीचं मूळ कुठे आहे ते दिसत नव्हतं. अंदाजानंच नळ्या धरल्या जात होत्या.

९०० टन पाणी म्हणजे ९०० घनमीटर. ते होल्डच्या तळाशी साचत गेलं आणि गासड्या तरंगू लागल्या. धुमसणारा कापूस पाण्यावर बसून वर, मधल्या डेककडे, म्हणजे थेट स्फोटकांच्या तळाशी जाऊन भिडला. जेवढं पाणी जास्त, तेवढी आग स्फोटकांच्या जवळ. आगीवर योग्य तेच करतो आहोत असं वरून दिसत होतं आणि आत उलटं घडत होतं. पाण्याचा मारा अर्धवट असतो तेव्हा असंच होतं. पूर्ण बुडेल एवढं पाणी सोडलं तर ते विझवतं, अर्धं सोडलं तर आग उचलून वर नेतं.

तीनच्या सुमारास जहाजाच्या बाजूवरचा रंग फुगून गळू लागला. आगीची नेमकी जागा पहिल्यांदा कळली ती यावरून. पोलादी पत्रा कापून तिथून थेट पाणी आत सोडता येईल म्हणून गॅस कटर मागवला. तो आला, पण चालला नाही. जहाजावरचं आणि आजूबाजूचं पाणी उकळू लागलं होतं.

या सगळ्या वेळात आसपासच्या जहाजांवरचं काम थांबलं नाही. गोदी रिकामी करण्याचा हुकूम निघाला नाही. धक्क्यावर कामगार होते, खलाशी होते, आग पाहायला थांबलेली माणसं होती. लाल बावटा नसल्यानं आत काय आहे हे त्यातल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

३ वाजून ५० मिनिटांनी मोठी ज्वाळा वर आली आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला.

स्फोट आणि परिणाम

जहाजाचे दोन तुकडे झाले. १२ किलोमीटरांवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकांवर धक्का नोंदला गेला. जवळ उभ्या असलेल्या 'जलपद्म' जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावर येऊन पडला. जळता कापूस, तापलेले लोखंडाचे तुकडे आणि लाकडं मांडवी, मस्जिद बंदर, चिंचबंदर भागांतल्या गोदामांवर आणि चाळींवर कोसळली आणि जागोजागी आगी लागल्या.

४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला, जहाजाच्या मागच्या बाजूच्या होल्डमधल्या दारूगोळ्याचा. मधल्या २८ मिनिटांत जखमींना उचलायला, पेटलेल्या जहाजांवर पाणी मारायला धावून आलेली माणसं त्यात सापडली. लोकांना वाटलं जपान्यांचा हवाई हल्ला झाला.

गोदीभोवती सुमारे ८०० मीटरच्या पट्ट्यात सगळं पेटलं होतं. आजूबाजूची अकरा जहाजं बुडाली किंवा बुडायला आली, शिवाय अनेकांचं मोठं नुकसान झालं. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन आणि त्यापासून आठवडाभर अग्निसुरक्षा सप्ताह पाळला जातो, तो याच जवानांच्या स्मरणार्थ.

मृतांच्या आकड्यावर कधीच एकमत झालं नाही. ८०० ते १,३०० असे अंदाज दिले जातात. गोदीतलं काम त्या काळी रोजंदारीवर चाले. रोज सकाळी टोळीवाला माणसं गोळा करी. कोण त्या दिवशी कोणत्या होल्डमध्ये उतरलं याची पक्की नोंद नसे. अशा माणसाचं कुटुंब कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावी असेल, तर त्याचा हिशेब कुठल्याच यादीत येत नाही. आकडे कमी-जास्त होण्यामागचं हे एक ठळक कारण आहे असं मला वाटतं. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला तो १९४८ मध्ये.

सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. गोदीत आणि गोदामांत साठवलेलं ५० हजार टनांच्या आसपास धान्य जळालं किंवा नासलं. आदल्याच वर्षी बंगालात दुष्काळानं लाखो माणसं गेली होती आणि मुंबईत रेशनवर शिधा मिळत होता, तेव्हा या नुकसानीचा अर्थ सांगायला नको.

बातमीचं काय झालं हेही नोंदवण्यासारखं आहे. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे मुंबईतल्या वार्ताहरांना सविस्तर बातमी पाठवायची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं मात्र १५ एप्रिललाच ती सांगितली होती. म्हणजे शत्रूला माहीत असलेली गोष्ट मुंबईच्याच लोकांपासून महिनाभर लपवली गेली, आणि त्या महिन्यात अफवांनी ती जागा भरली.

सावरणं

लष्कर, पोर्ट ट्रस्ट आणि हजारो मजूर कामाला लागले. सुमारे ८,००० माणसांनी सात महिने राबून ५ लाख टन ढिगारा उपसला आणि गोद्या पुन्हा चालू केल्या. आग्नेय आशियातल्या लढाईसाठी मुंबई हे मुख्य बंदरांपैकी एक होतं, त्यामुळे कामाचा रेटा जबरदस्त होता.

भरपाईचा प्रश्न किचकट होता. आगीचा विमा असलेल्यांना विमा कंपन्या विचारत, ही आग की स्फोट, साधा अपघात की युद्धाचं नुकसान? प्रत्येक दावा न्यायालयात गेला असता तर गोदामवाले आणि छोटे व्यापारी वर्षानुवर्षं लटकले असते. सरकारनं जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि १९४४ मध्येच मुंबई स्फोट भरपाई अध्यादेश काढला. वेगानं घेतलेल्या मोजक्या चांगल्या निर्णयांतला हा एक. पण दाव्याला कागद लागतात. मालाची पावती असलेल्या व्यापाऱ्याला भरपाई मागणं सोपं होतं, झोपडी आणि भांडीकुंडी गमावलेल्याला कठीण.

सोन्याबद्दल विचारलं जातंच, म्हणून थोडक्यात. बऱ्याच लगडी सापडल्या आणि परत झाल्या. एक लगड मैलभर उडून एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली. बंदराचा गाळ उपसताना अनेक दशकांनंतरही लगडी आणि न फुटलेले गोळे मिळत राहिले. त्यामुळे त्या भागात गाळ काढणाऱ्यांना आजही बादलीत काय येतंय यावर नजर ठेवावी लागते.

चौकशीत काय निघालं

चौकशी आयोगानं बोट ठेवलेल्या गोष्टी वर येऊनच गेल्या आहेत: स्फोटकांच्या खाली कापूस ठेवणं, लाल बावटा न लावणं, स्फोटकं उतरवायला झालेला उशीर, वाफ न वापरणं, आणि शहराच्या अग्निशमन दलाला कळवायला झालेली दिरंगाई. यातली एकही गोष्ट गूढ नाही. प्रत्येकीसाठी नियम आधीपासून होता. युद्धाच्या नावाखाली ते नियम एकेक करून ढिले झाले, आणि प्रत्येक वेळी काही झालं नाही म्हणून पुढचा ढिला करणं सोपं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

मांडणी. कराचीत कापूस घ्यायचाच होता तर स्फोटकं नसलेल्या होल्डमध्ये घ्यायला हवा होता, किंवा निदान दोहोंच्या मध्ये न पेटणाऱ्या मालाचा एक पूर्ण होल्ड हवा होता. आज आंतरराष्ट्रीय धोकादायक माल संहितेत स्फोटकं आणि पेटणारा माल यांच्यातलं अंतर कोष्टकात ठरवून दिलेलं असतं आणि मालाच्या मांडणीचा आराखडा त्यावर तपासला जातो. कप्तानाला हरकत नोंदवण्याचा अधिकार होता, पण नाही म्हणण्याचा नव्हता. हरकतीनंतर काय व्हायचं हे लिहिलेलं नसेल, तर ती हरकत फक्त चौकशीत पुरावा म्हणून उपयोगी पडते.

खूण. बावटा सगळ्यांना लावावा लागतो म्हणून कोणालाच लावायचा नाही, हा युक्तिवाद उलटा आहे. लाल बावटा दिसला असता तर पहिल्या घंटेला फक्त दोनच बंब आले नसते, आणि शेजारच्या जहाजांवरच्या माणसांनी धूर पाहून दुपारीच आरडाओरडा केला असता. आजच्या बंदरात त्या बावट्याची जागा मालाच्या यादीनं घेतली आहे. ती गँगवेजवळ (जहाजावर चढायच्या जिन्याजवळ), पाण्यापासून सुरक्षित पेटीत, पहिल्या बंबातल्या माणसाच्या हाती मिनिटभरात येईल अशी ठेवायला हवी.

निरोप. घंटा आणि फोन हे दोन वेगळे निरोप आहेत. घंटा सांगते आग लागली, फोन सांगतो काय पेटलंय. नियंत्रण कक्षात गोदीतून आलेली कोणतीही घंटा मोठ्या कुमकेची समजली गेली असती तर फोन लागो न लागो, फरक पडला नसता. चुकीच्या वेळी जास्त बंब निघाले तर इंधन वाया जातं, एवढंच.

हुकूम. चार जाणकार माणसं, चार बरोबर सल्ले, आणि त्यांतला एक निवडायचा अधिकार कोणाकडेच नाही. अशा वेळी जे आधीपासून चालू आहे तेच पुढे चालू राहतं. इथं ते पाणी होतं. धोकादायक मालाचं जहाज गोदीत घेतानाच लिहून ठेवायला हवं होतं की आग लागली तर अमुक हुद्द्याचा माणूस ठरवेल, कोणाचंही मत न विचारता ठरवू शकेल, आणि चुकला तरी त्याच्यावर कारवाई होणार नाही. त्याला वेळेची हद्दही द्यायला हवी: धूर दिसल्यापासून अर्ध्या तासात आगीचं मूळ सापडलं नाही, तर विझवणं हे उद्दिष्ट सोडायचं आणि टग बोलवायचे.

माणसं. जहाज वाचवता आलं असतं का यावर मतभेद होऊ शकतात. माणसांबद्दल होऊ शकत नाहीत. कुमक मागवल्यापासून पहिल्या स्फोटापर्यंत पावणेदोन तासांच्या आसपास वेळ होता. ८०० मीटर चालायला दहा-बारा मिनिटं लागतात. जखमी, म्हातारी, लहान मुलं धरली तरी अर्धा तास पुरे. गोदीच्या शिट्ट्या वाजवून, शेजारच्या जहाजांवरचं काम थांबवून, दरवाजे उघडून लोकांना पश्चिमेकडे, डोंगरीच्याही पलीकडे काढता आलं असतं. त्यासाठी स्फोट होणारच याची खात्री असायची गरज नव्हती, तो होऊ शकतो एवढं पुरेसं होतं, आणि दारूगोळा अधिकाऱ्यानं ते सांगितलं होतं. खोटी भीती पसरेल, काम खोळंबेल, वर कोणीतरी जाब विचारेल, या शंकांना त्या दुपारी जास्त वजन मिळालं.

दुसऱ्या स्फोटाचंही तसंच. दोन नंबरचा होल्ड फुटल्यावर बाकीच्या होल्डमध्ये किती आणि काय शिल्लक आहे हे यादीत होतं. ती यादी धक्क्यावरच्या बचाव करणाऱ्यांपर्यंत पोचली असती तर त्यांना अर्धा तास लांब थांबवता आलं असतं. दारूगोळ्याच्या आगीत पहिल्या स्फोटानंतर जवळ जायचं नाही, आधी उरलेल्या साठ्याचा हिशेब मागायचा, हा नियम आज प्रशिक्षणात शिकवायला हवा. बचाव पथकाचा प्रमुख हा हिशेब कोणाकडे मागणार, हे बंदराच्या आराखड्यात हुद्द्यासकट लिहिलेलं असलं पाहिजे.